नवतप्यात येऊ नये

काकाजींसमोर हवेविषयी सहज काही बोलून जायची सोय नव्हती. "यंदा थंडी लवकर पडली, नाही?" असं कुणी म्हटलं की ते हातातला कागद खाली ठेवायचे, चष्मा कपाळावर चढवायचे आणि विचारायचे, "कुठं?"

समोरचा गडबडून म्हणायचा, "इथंच की, नागपुरात."

"नागपुरात कुठं? बर्डीवर का जरीपटक्यात? जरीपटक्यात काल लोकं अंगणात झोपले होते. मंग कशाची थंडी पडली गा?"

समोरचा माणूस चहा अर्धा टाकून निघून जायचा. जरीपटक्यातली बातमी त्यांना मीच पुरवलेली असायची, कारण आमचं घर त्या बाजूला होतं.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. स्टेशनाजवळ प्रवाशांना माहिती देणारी एक लहानशी सरकारी कचेरी होती, तिथे मी टायपिस्ट म्हणून लागले. नकाशावर नागपूर बरोबर मध्ये दिसतं, तेवढ्यावरून वरच्या कुणा साहेबाला वाटलं असावं की साऱ्या देशाची माहिती इथूनच द्यावी. परदेशातून पत्रं यायची, मुंबई-कलकत्त्याहून यायची, आणि बहुतेकांत एकच प्रश्न असायचा: या देशात फिरायला चांगला महिना कोणता? या प्रश्नाला उत्तर देणं हे काकाजींचं काम होतं. ते त्यांनी सरळपणे एकदाही केलं नाही.

माझ्या पहिल्या दिवशी कचेरीत एकदोघांनी मला आडनाव विचारलं. ऐकल्यावर पुढे काही विचारलं नाही. माझ्या आईवडिलांनी छप्पन साली दीक्षा घेतलेली, आणि नागपुरात एवढं आडनावावरून कळतं. काकाजींनी आडनाव विचारलंच नाही. आपल्या माठातलं पाणी स्वतः पेल्यात ओतून माझ्यापुढे ठेवलं आणि म्हणाले, "तुमच्या घरी काल कुठं झोपले वं सारे? आत का बाहेर?"

मला वाटलं, म्हातारा चळलेला दिसतो.

चळलेले नव्हते. तो त्यांचा धंद्याचा प्रश्न होता. तापमानाच्या आकड्यांवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. "पारा सावलीत टांगून ठेवते सरकार," ते म्हणायचे, "माणूस कुठं सावलीत टांगला राह्यते?" त्यांची हवा मोजायची रीत तीन प्रश्नांची होती. काल लोक कुठे झोपले, घरात, ओसरीत की गच्चीवर? अंगावर काय घेतलं? आणि दुपारी रस्त्यावर कोण दिसतं? हे तीन प्रश्न लिहून ते देशभर जोडकार्डं पाठवायचे. जोडकार्ड म्हणजे दोन पोस्टकार्डं एकमेकांना जोडलेली. एकावर आपण लिहायचं, दुसऱ्यावर आपला पत्ता घालून कोरं सोडायचं, म्हणजे समोरच्यानं फाडून उत्तर टाकावं. पत्ते त्यांनी कुठून मिळवले देव जाणे. कुठे शाळामास्तर, कुठे स्टेशनमास्तर, कुठे वैद्य, डोंगरातल्या एका गावी तर चक्क न्हावी. काहींना वेड्याचं पत्र वाटलं असेल, पण बरेच जण उत्तर द्यायचे. आपल्या गावचे लोक काल कुठे झोपले हे आजवर त्यांना कुणी विचारलं नव्हतं, त्याचंच त्यांना अप्रूप वाटलं असावं.

आणि एवढी जमवाजमव करून काकाजी स्वतः कुठे गेले होते? कुठेच नाही. गाव रामटेक, तिथे भावांची धानाची शेती. नोकरी नागपुरात. लांबचा प्रवास म्हणजे अमरावतीचं एक लग्न. तिथेही त्यांनी मांडवात वऱ्हाड्यांना झोपायच्या जागा विचारून घेतल्या होत्या असं काकूंनी मला सांगितलं.

आमचे साहेब पुण्याकडचे. माणूस वाईट नव्हता, पण त्यांना कामाचा निपटारा आवडायचा. काकाजी एका पत्राला आठ-आठ पानांचं उत्तर लिहायचे आणि ते टाइप करता करता माझी बोटं दुखायची. साहेबांनी उपाय म्हणून एक पत्रक छापून आणलं: भारतात येण्यास उत्तम काळ, ऑक्टोबर ते मार्च. आलेल्या पत्राला हे पत्रक लावायचं आणि पाठवून द्यायचं. गठ्ठे आले. चार दिवसांनी साहेबांच्या लक्षात आलं की काकाजी लाल पेन्सिल घेऊन एकेका पत्रकावर हातानं लिहीत बसलेत: नोव्हेंबरात पूर्व किनारा सोडून. जानेवारीत काश्मीर सोडून. आधी कुठे जायचं ते ठरवा.

साहेब भडकले. "अहो, तुम्ही किती वेळा गेलात पूर्व किनाऱ्यावर?"

"एकदा बी नाही साहेब," काकाजी शांतपणे म्हणाले. "म्हणून तं विचारून राहिलो ना लोकायले. जो जाऊन येते, थो चार दिवसात शहाणा होते. मंग कोणाले विचारत नाही."

कचेरी हसली. मीही हसले. लाल पेन्सिल चालू राहिली.

एकदा मेच्या अखेरीला एक गोरं जोडपं आत आलं. बाईचा चेहरा तांबड्या भोपळ्यासारखा झालेला. त्यांना कुणीतरी सांगितलं होतं की उन्हाळ्यात गर्दी नसते. तेव्हा नवतपा चालू होता. बाहेरच्यांना सांगते, नवतपा म्हणजे मेअखेरचे ते नऊ दिवस, जेव्हा नागपुरातला माणूस बाराच्या आत घरात शिरतो आणि पाचनंतरच तोंड दाखवतो. काकाजींनी दोघांना वाळ्याच्या ताटीजवळ बसवलं, पन्हं पाजलं, दोघांच्या डोक्याला दुपट्टे बांधून दिले आणि प्रत्येकाच्या खिशात एक-एक कांदा घातला. ऊन लागू नये म्हणून आमच्याकडे खिशात कांदा ठेवतात, हे त्यांना इंग्रजीत समजावताना काकाजींची जी तारांबळ उडाली ती पाहून आम्ही तोंडात पदर कोंबून हसत होतो. मग त्यांना त्याच दिवशीच्या गाडीनं पचमढीला रवाना केलं. नंतर मला म्हणाले, "पोरी, एक गोष्ट ध्यानात ठेव. नवतप्यात नागपूरले दुश्मनालेही बोलावू नये."

मी ध्यानात ठेवली. तेच चुकलं.

आता किनाऱ्याच्या मास्तरांविषयी सांगायला हवं. जोडकार्डांच्या त्या साऱ्या माणसांत एक होते तामिळ किनाऱ्यावरच्या लहान गावचे पोस्टमास्तर. काकाजींची त्यांची वीस वर्षांची ओळख, सगळी इंग्रजी पोस्टकार्डांवर. हे गृहस्थ तीन प्रश्नांची उत्तरं देऊन थांबायचे नाहीत. कडेच्या कोऱ्या जागेत बारीक अक्षरात काहीबाही लिहायचे: मुलीचं लग्न ठरलं, मिठागरात यंदा पाणी शिरलं, डोळ्यांत पडदा येतो आहे. त्यांच्याकडे खरा पाऊस नोव्हेंबरात पडतो, हे काकाजींना त्यांनीच शिकवलं होतं. लाल पेन्सिलीतलं पहिलं वाक्य त्यांचंच. ते ताडगूळ पाठवायचे. काकाजी डिसेंबरात संत्र्यांची पेटी पाठवायचे, त्यातली निम्मी वाटेत सडायची. "उरलेली निम्मी पुरेशी होती," असं उत्तर यायचं. काकाजी ती कार्डं मला वाचून दाखवायचे आणि मग उगाच खिडकीकडे बघत बसायचे.

"काकाजी, जा ना एकदा मास्तरांकडे," मी म्हणायची.

"जाईन ना वं. त्यायच्याकडं माघात हवा चांगली राह्यते."

माघ यायचा. माघात काकूंचा दमा उफाळायचा, किंवा भावाच्या शेताचं काही निघायचं, किंवा पत्रांचा ढीग साचायचा. माघ गेला की ते म्हणायचे, "आता कायले? आता तिकडं घामाचे दिवस लागले." मास्तर त्यांना विचारायचे, तुमच्या नागपूरला कधी यावं? काकाजींचं उत्तर ठरलेलं: डिसेंबरचा शेवटचा आठवडा. पण डिसेंबरात मास्तरांचा किनारा पावसातून नुकता उठलेला असायचा, घराची डागडुजी निघायची. दोघंही एकमेकांना चांगला मोसम सांगत राहिले आणि वीस वर्षं गेली.

त्या वर्षी मेमध्ये काकाजी पुतणीच्या लग्नासाठी रामटेकला गेले, चांगली बारा दिवसांची रजा टाकून. जाताना त्यांनी त्यांचं टपाल माझ्याकडे सोपवलं. "तू सारं शिकली आता," म्हणाले. मला केवढा अभिमान वाटला! मी त्यांच्या खुर्चीवर बसले, लाल पेन्सिल कानाला लावली, आणि पहिल्याच आठवड्यात मास्तरांचं कार्ड आलं.

मास्तरांनीही काकाजींचं पाहून जोडकार्डच पाठवलं होतं. लिहिलं होतं की मुलगा दिल्लीला असतो, डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी त्याच्याकडे निघालो आहे, अमुक तारखेला गाडी नागपूरवरून जाते. एक दिवस उतरू का? आणि खाली, कडेच्या जागेत: मला तुमची हवा पाहायची नाही, तुम्हाला पाहायचं आहे.

ती तारीख नवतप्यात होती.

ती शेवटची ओळ मी वाचली होती. वाचलीच नाही असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. मला ती म्हाताऱ्या माणसाची रीतभात वाटली, आग्रह करायचा म्हणून केलेला. मी कार्ड फाडलं आणि उत्तराच्या अर्ध्यावर, काकाजी लिहितात तसं, मोठ्या ऐटीत लिहिलं: नवतप्यात नागपूरला येऊ नये. डोळ्यांना झळ लागेल. जाताना उतरू नका. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात या. संत्री असतील. लोक घरात झोपतात, दोन गोधड्या घेतात. खाली काकाजींचं नाव घातलं.

रामटेकचा पत्ता माझ्यापाशी होता. कार्ड तिकडे पाठवता आलं असतं. शिपायाला पॅसेंजरनं पाठवता आलं असतं, गाडीनं दोन तास. पण एवढ्या उन्हात रामटेकला कुणाला पाठवायचं, असं माझ्या मनात आलं. आणि खरं सांगायचं तर मला गंमत करायची होती. डिसेंबरात पाहुणा एकदम कचेरीच्या दारात उभा राहील, काकाजी चष्मा कपाळावर चढवून "कोण?" म्हणतील, आणि मी बाजूला उभी राहून हसेन, हे चित्र मी रंगवून ठेवलं होतं. म्हणून काकाजी परत आले तेव्हा मी त्यांना काही सांगितलं नाही. मास्तरांचं कार्ड माझ्या खणात ठेवून दिलं.

पावसाळ्यात काकाजी बेचैन झाले. "मास्तराचं उत्तर नाही आलं वं. बिमार तं नसन?" मी म्हणाले, "येईल, काकाजी." मला ठाऊक होतं की मास्तर दिल्लीला आहेत. मी मनात हसत होते.

डिसेंबरचा शेवटचा आठवडा आला. मी रोज नवी साडी नेसून जात होते, दार वाजलं की मान वर करत होते. कुणी आलं नाही. मकरसंक्रांतीच्या सुमारास एक कार्ड आलं, मुलाच्या हातचं. वडील ऑपरेशन करून गावी परतले होते, नोव्हेंबरच्या पावसात चार दिवस ताप आला आणि गेले. तुम्हा दोघांचा पत्रव्यवहार होता म्हणून कळवतो.

काकाजींनी ते कार्ड दोनदा वाचलं. मला वाटलं आता बोलावं. तोंडापर्यंत आलं होतं. ते म्हणाले, "एक गोष्ट चांगली झाली पोरी, डोळे उघडून गेला माणूस. पाह्यलं असन त्यानं आपलं गाव एकवार धड." आणि टेबलावरचा पेला उचलून माठाकडे गेले, पण पाणी न घेताच परत आले. मी बोलले नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही, आणि मग तर बोलणं अवघडच होत गेलं. मनात गाठ बसत गेली, आणि काकाजी मला पूर्वीसारखंच माठातलं पाणी देत राहिले, त्यानं ती आणखी आवळली.

पुढच्या ऑगस्टात ते निवृत्त झाले. साहेबांनी हार घातला, चांगलं बोलले, आणि काकाजी-काकू रामटेकला राहायला गेले. नोव्हेंबरात काकू कचेरीत आल्या, जरा घाबऱ्याघुबऱ्या. "हे मद्रासकडं जाऊन राहिले. मी म्हटलं, आता तं तिकडं धो धो पाऊस असन ना? तुमीच तं साऱ्यायले सांगत होते, नोव्हेंबरात जाऊ नोका म्हणून. तं म्हणते, 'असू दे.' तू समजाव ना वं त्यायले, तुयं ऐकते."

मी त्यांना समजवायला गेले नाही. मला त्यांच्या डोळ्यांत बघायचं धाडस नव्हतं. ते गेले, एक पिशवी आणि छत्री घेऊन. जन्मात पहिल्यांदा लांबच्या गाडीत बसले ते नको त्या मोसमात.

पंधरा दिवसांनी कचेरीच्या पत्त्यावर माझ्या नावानं जोडकार्ड आलं. काकाजींचं पहिलं आणि शेवटचं. अक्षर नेहमीचं, ओळी जरा तिरक्या. मजकूर मला पाठ आहे.

"चि. पोरीस आशीर्वाद. इथं पाऊस लागून राहिला. लोक घरात झोपतात, मी ओसरीत झोपलो. मुलगा वर्षश्राद्धाले दिल्लीहून आला, भला आहे. त्यानं सांगितलं, मागच्या वर्षी उन्हाळ्यात मास्तर याच वाटेनं दिल्लीले गेले. नागपूरले गाडी थांबली तं दारात येऊन उभे राहिले. झळ लागली तं म्हणाले, मित्रानं खरं लिहिलं. दिल्लीत त्यायनं नागपूरच्या थंडीसाठी स्वेटर घेतला. इथं स्वेटर कोणी घालत नाही, सारं घर हसलं. तो पेटीत होता, घडी मोडली नव्हती. मुलानं मले देला. घड्यायमंदी ते कार्ड होतं. अक्षर तुझं आहे, मी ओळखलं. तू मनाले लावून घेऊ नोको. मी असतो तरी हेच लिहिलं असतं. त्याचंच वाईट वाटून राहिलं. एकदा रामटेकले ये."

दुसऱ्या अर्ध्यावर त्यांनी रामटेकचा पत्ता घातला होता आणि बाकी कोरं सोडलं होतं, माझ्या उत्तरासाठी.

त्या कार्डावर काय लिहावं ते मला सुचेना. मी ठरवलं की लिहायचं नाही, जाऊनच यायचं, पायांवर डोकं ठेवायचं आणि सगळं तोंडानं सांगायचं. लगेच निघाले असते, पण माझं लग्न ठरत होतं. मग थंडीत जाऊ म्हटलं. थंडीत सासरी पाहुणे आले. मार्च लागला आणि मला दिवस गेलेले. आई म्हणाली, "आता उन्हाची कुठं जाऊन राहिली वं? पाऊस पडू दे." सासूबाई म्हणाल्या, "दिवाळीनंतर जा, हवा चांगली असते." मलाही पटलं. मी दिवाळीनंतरचं पक्कं केलं.

काकाजी नवतप्यात गेले. काकूंनी नंतर सांगितलं की शेवटच्या दिवशी, एवढ्या आगीत, त्यांनी तो स्वेटर अंगावर मागितला. सगळ्यांना वाटलं, तापात बरळत आहेत.

जोडकार्ड माझ्याकडे अजून आहे. ते मी फाडलेलं नाही, दोन्ही अर्धे जोडलेलेच आहेत. एका बाजूला त्यांची तिरकी अक्षरं, दुसऱ्या बाजूला रामटेकचा पत्ता, आणि त्याच्या शेजारी कोरी जागा. पॅसेंजरनं दोन तास लागायचे.